मदत देणाऱ्या हाताची जबाबदारी

ऑगस्ट 2019 मध्ये पंचगंगा आणि कृष्णेला पूर आला, तेव्हा शिरोळ तालुक्यातल्या एका शाळेत उभारलेल्या निवारा केंद्रात मी काम करत होते. महामार्ग काही दिवस बंद होता. तो सुरू झाल्यावर मदतीचे टेम्पो येऊ लागले. चारपाच संस्था मिळून किट वाटत होत्या. कुणाला किती द्यायचे, ते एका स्वयंसेवकाच्या वहीत लिहिलेले असे.

तिसऱ्या दिवशी एक आजी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “ताई, आमची सून लायनीत येणार न्हाई. त्यो वहीवाला तिचा मोबाईल नंबर मागतोय. रात्री टाकीकडं ये, दोन किट देतो म्हणतोय.”

आम्ही पाचसहा जण बसलो. पूर चालू आहे, बोभाटा नको, संस्थेचे नाव खराब होईल, अशी चर्चा झाली. त्या तरुणाला घरी पाठवले. मलाही हायसे वाटले. त्या सुनेला “तुला काय वाटते?” असे आमच्यापैकी कुणीही विचारले नाही. पंधरा दिवसांनी शेजारच्या गावात गेले, तर दुसऱ्या एका संस्थेच्या टेम्पोजवळ तोच तरुण वही घेऊन उभा होता.

गुपचूप काढून टाकले म्हणजे प्रश्न सुटत नाही, तो फक्त पुढच्या गावाला जातो, हे मी त्या दिवशी शिकले. आपल्या पाड्यांवरच्या, वसतिगृहांतल्या कार्यकर्त्यांसाठी म्हणून हे लिहिते आहे.

शोषण कशाला म्हणायचे?

अन्न, कूपन, नोकरी, शाळेतला प्रवेश किंवा यादीतले नाव यांच्या बदल्यात शरीरसुख मागणे म्हणजे लैंगिक शोषण. बळजबरी, धमकी किंवा असहायतेचा फायदा घेऊन केलेली शारीरिक लगट म्हणजे अत्याचार. “ती स्वतःहून तयार होती” असा बचाव नेहमी ऐकू येतो. पण जिच्या घरात पाणी शिरले आहे आणि चूल पेटलेली नाही, तिच्या ‘हो’ला मोकळा ‘हो’ कसे म्हणायचे? वही ज्याच्या हातात, त्याच्या हातात तिचे पोट असते.

जगात काय घडले?

2002 मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरिया, गिनी आणि सिएरा लिओन या देशांतल्या निर्वासित छावण्यांची पाहणी झाली. मदत कर्मचारीच धान्याच्या बदल्यात मुलींचे शोषण करत असल्याच्या तक्रारी त्यातून पुढे आल्या. त्यानंतर 2003 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांनी आपल्या कर्मचाऱ्यांसाठी नियम काढले. 18 वर्षांखालील कुणाशीही शरीरसंबंध नाही. पैसा, काम किंवा वस्तूंच्या बदल्यात संबंध नाही. सहकाऱ्याबद्दल शंका आली, तरी कळवणे बंधनकारक.

तरीही हैतीत 2010 च्या भूकंपानंतर ऑक्सफॅमच्या काही कर्मचाऱ्यांनी स्थानिक स्त्रियांना पैसे देऊन संबंध ठेवले. संस्थेने चौकशी केली, काहींना काढले आणि काहींना राजीनामा देऊ दिला. तिथला प्रमुख पुढे बांगलादेशात दुसऱ्या संस्थेत कामाला लागला. हे सारे 2018 मध्ये वृत्तपत्रातून बाहेर आले. एवढी मोठी संस्था, पण चूक आमच्यासारखीच.

आपल्या राज्यात

नोव्हेंबर 2016 मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या खामगाव तालुक्यात पाळा इथल्या आश्रमशाळेत आदिवासी मुलींवर झालेले अत्याचार उघडकीस आले. दिवाळीच्या सुट्टीत घरी गेल्यावर त्याला वाचा फुटली. कर्मचाऱ्यांसह अनेकांना अटक झाली. 2018 मध्ये आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यात, कुरळपच्या आश्रमशाळेच्या प्रकरणात तर संस्थापकालाच अटक झाली. तक्रार ज्याच्याकडे न्यायची, तोच आरोपी असेल तर मुलीने जायचे कुठे? म्हणून तक्रारीची एक वाट संस्थेबाहेर जाणारी हवीच.

कायदा काय सांगतो?

मूल 18 वर्षांखालील असेल तर 2012 चा पोक्सो कायदा लागू होतो. तिथे मुलीची किंवा मुलाची ‘संमती’ धरली जात नाही. गुन्हा घडल्याचे किंवा घडण्याची शक्यता असल्याचे कळले, तर पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला, तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. प्रामाणिकपणे माहिती देणाऱ्याला मात्र कायद्याचे संरक्षण आहे. शाळा किंवा धार्मिक संस्थेच्या कर्मचाऱ्याने असा गुन्हा केला, तर शिक्षा अधिक कडक आहे.

प्रौढ स्त्रीसाठी 2013 चा लैंगिक छळ प्रतिबंधक कायदा आहे. तो ट्रस्ट आणि स्वयंसेवी संस्थांनाही लागू आहे. तक्रार करणारी स्त्री आपली कर्मचारी असलीच पाहिजे असे नाही. दहा किंवा अधिक लोक काम करत असतील तिथे अंतर्गत समिती हवी. तिची अध्यक्ष स्त्री, निम्म्या तरी सदस्य स्त्रिया आणि एक सदस्य बाहेरची. लहान संस्थेतली तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे नेता येते. तक्रारीची मुदत साधारण तीन महिने आहे. पोलिसांत जाण्याचा मार्ग वेगळा खुला असतोच. जायचे की नाही हे प्रौढ स्त्रीने ठरवायचे, आपण सोबत करायची.

आपण काय करायचे?

• यादी एकाच्या हाती ठेवू नका. ती चावडीवर वाचून दाखवा, भिंतीवर लावा.

• वाटप दिवसाउजेडी करा आणि वाटणाऱ्यांत निम्म्या स्त्रिया असू द्या.

• “मदत फुकट आहे, बदल्यात कुणीही काहीही मागू शकत नाही” हे लोकांच्या बोलीत सांगा. पाड्यावर फलक पुरत नाही, तोंडी सांगावे लागते.

• मुलींच्या वसतिगृहात पुरुषाने एकट्याने जायचे नाही. एकट्या मुलीला खोलीवर बोलवायचे नाही.

• 1098 (मुलांसाठी), 181 (स्त्रियांसाठी) आणि 112 हे क्रमांक मुलींना पाठ करून द्या. फोन कुठून करता येईल तेही दाखवा.

• नवा माणूस घेताना आधीच्या संस्थेला स्पष्ट विचारा. आपल्याला कुणी विचारले, तर खरे सांगा.

• तक्रार आली की आधी तिचे ऐका. तिची मदत बंद पडू देऊ नका, तिचे नाव कुठेही बोलू नका.

“आमच्याकडे असे काही नाही,” असे बैठकीत कुणी म्हटले की मला त्या आजी आठवतात. त्यांनी धीर करून सांगितले म्हणून आम्हाला कळले. न सांगणाऱ्या किती असतील? जिथे तक्रार येत नाही, तिथे सगळे ठीक आहे असे धरू नका. सांगायला जागा आहे का, ते आधी पाहा.

पुढचा पावसाळा फार लांब नाही. किट बांधण्याआधी ही चर्चा आपापल्या गटात करा.