चष्मेवाल्याची हजार पुस्तकं

 

मराठी रहस्यकथेच्या प्रांतातला पहिला मान बाबूराव अर्नाळकरांचा. खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण, पोटापाण्याला गिरगावात चष्म्याचं दुकान. १९३६ ते १९८४ या काळात त्यांच्या १,०९२ रहस्यकथा पुस्तकरूपाने आल्याची नोंद गिनीज बुकात झाली. हिशेब मांडला तर साधारण सोळा दिवसांना एक पुस्तक. गिऱ्हाइकांना चष्मे कधी लावून देत असतील कोण जाणे! धनंजय आणि छोटू ही जोडी उघडच होम्स-वॉटसनच्या घराण्यातली. खरी जादू झुंजार आणि काळापहाडची. कायद्याला बगल देऊन न्याय करणारे हे नायक वाचकांना पोलिसांपेक्षा जवळचे वाटले.

पुढच्या पिढीतल्या सुहास शिरवळकरांनी दारा बुलंद, फिरोज इराणी, मंदार पटवर्धन, बॅरिस्टर अमर विश्वास अशी फौज उभी केली. पण पडद्यावर गाजली ती त्यांची कॉलेजकट्ट्यावरची ‘दुनियादारी’, तीही २०१३ साली, लेखक गेल्यावर दहा वर्षांनी. दिग्दर्शक संजय जाधव, पटकथा चिन्मय मांडलेकर.