तेलावाचून तळण

दिवाळी चार दिवसांवर आली की घरोघरी तळणीचा वास दरवळू लागतो. कढईतल्या तेलात सोडलेली चकली चर्र आवाज करते, तिच्याभोवती बुडबुड्यांची जाळी दाटते आणि पाहता पाहता तिला सोनेरी रंग चढतो. त्या वासाने ज्याच्या तोंडाला पाणी सुटत नाही असा माणूस विरळाच!

आमची आक्का त्या विरळ माणसांपैकी नव्हे. तिने सत्तरी ओलांडली आहे. दोन वर्षांपूर्वी तिला हृदयाचा विकार जडला आणि तळलेले पदार्थ व मीठ कमी करण्याची सूचना डॉक्टरांनी दिली. तेव्हा तिच्या मुलाने मोठ्या मायेने ‘एअर फ्रायर’ नावाचे विजेचे यंत्र घरी आणले. त्यातून बटाट्याच्या कुरकुरीत कापा बाहेर आल्या, तेव्हा तिच्या नातीने विचारले, “आजी, या तळलेल्या म्हणायच्या की भाजलेल्या?”

मुलांनो, प्रश्न लहान असला तरी मार्मिक आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी प्रथम कढईतच डोकावून पाहू.

बटाट्यात सुमारे तीन चतुर्थांशाहून अधिक भाग पाणी असते. चरबी जवळजवळ नसतेच. त्याची काप १८० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेल्या तेलात पडताच तिच्यातील पाण्याची वाफ होते. आपल्याला दिसणारे बुडबुडे हे त्या वाफेचेच. वाफ जोराने बाहेर येत असते, तोवर तेलाला आत फारसा शिरकाव मिळत नाही. परंतु काप झाऱ्याने बाहेर काढली आणि ती निवू लागली, की वाफ ओसरते आणि पृष्ठभागावर राहिलेले तेल आत ओढले जाते. विकत मिळणाऱ्या बटाट्याच्या पातळ वेफरमध्ये वजनाचा सुमारे तिसरा हिस्सा तेलच असते, ते याच कारणाने. एक ग्रॅम पिष्टापासून ४ कॅलरी उष्णता मिळते, तर एक ग्रॅम तेलापासून ९. म्हणजे मूठभर तळणानेही शरीराला गरजेपेक्षा अधिक इंधन मिळू शकते.

आता यंत्रात काय घडते ते पाहू. २०१० साली बर्लिन येथील प्रदर्शनात फिलिप्स कंपनीने या नावाचे यंत्र लोकांपुढे मांडले आणि पुढे ते जगभर पसरले. त्याच्या वरच्या भागात विजेने तापणारी तार आणि एक पंखा असतो. खाली जाळीदार भांडे असते. पंखा तापलेली हवा पदार्थाभोवती वेगाने फिरवतो. ओले कपडे नुसत्या उन्हापेक्षा ऊन आणि वारा दोन्ही असताना लवकर वाळतात, हे तुम्ही पाहिलेच असेल. त्याचप्रमाणे गरम वाऱ्याने कापेचा पृष्ठभाग भराभर वाळतो आणि कुरकुरीत होतो. अर्धा किलो बटाट्यांना एक-दोन चमचे तेल पुरते. तेव्हा खरे पाहता हे तळणे नव्हेच. वेगवान वाऱ्यातले ते भाजणे होय. भज्यांचे सरसरीत पीठ या यंत्रात टाकले तर ते जाळीतून खाली ओघळते, कारण पिठाला क्षणात आवळून धरणारे तापलेले तेल तेथे नसते.

तेल कमी झाले हा मोठाच लाभ आहे. उकळत्या तेलाने भाजण्याचे भय टळते. तेच तेल पुन्हापुन्हा तापवून त्यात अपायकारक द्रव्ये निर्माण होण्याचाही प्रश्न उरत नाही. तथापि, तेल गेले म्हणजे सर्व दोष गेले असे मात्र नव्हे.

२००२ साली स्वीडनमधील शास्त्रज्ञांना असे आढळले, की बटाट्यासारखे पिष्टमय पदार्थ सुमारे १२० अंशांहून अधिक तापले म्हणजे त्यांत ‘अ‍ॅक्रिलामाइड’ नावाचे द्रव्य तयार होते. ते मोठ्या प्रमाणात दिल्यास प्राण्यांना कर्करोग होतो, असे प्रयोगांत दिसले आहे. म्हणून माणसानेही ते होईल तितके टाळावे, असे तज्ज्ञ सांगतात. पदार्थातील शर्करा आणि एक अमिनो आम्ल यांच्या संयोगाने ते तयार होते. त्याला तेलाची नव्हे, उष्णतेची गरज असते. म्हणून तापलेल्या हवेतही ते होतेच. उकडलेल्या बटाट्यात मात्र ते होत नाही, कारण उकळते पाणी १०० अंशांच्या वर जात नाही. यावर उपाय सोपा आहे. कापा काही वेळ पाण्यात भिजवाव्यात, म्हणजे त्यांतील काही शर्करा निघून जाते. आणि रंग सोनेरी झाला की थांबावे, तपकिरी होऊ देऊ नये.

इकडे आक्काच्या घरी काय झाले? तेल नाही म्हटल्यावर भीती उरली नाही. कापा रोज होऊ लागल्या. त्याही विकतच्या गोठवलेल्या पाकिटांतल्या. तीन महिन्यांनी तपासणी झाली, तेव्हा वजन वाढलेले आणि रक्तदाबही चढलेला! डॉक्टरांनी पाकीट मागवले. त्यावरील बारीक अक्षरांतला मजकूर नातीने मोठ्याने वाचला. त्या कापा कारखान्यातच तेलात अर्धवट तळलेल्या होत्या आणि त्यांत मीठही मुबलक होते. घरात सर्वांचे लक्ष यंत्राकडे होते. त्यात काय घालतो याकडे कोणाचेच नव्हते.

आता त्या घरी यंत्र आहे, पण त्याचा उपयोग बदलला आहे. त्यात वांगी, भोपळा, कधी मासळीची तुकडी भाजली जाते. बटाट्याच्या कापा आठवड्यातून एकदाच, आणि त्याही घरी चिरलेल्या. वरणभात, उसळ आणि पालेभाजी यांचे ताटातील स्थान पूर्ववत झाले आहे. दिवाळीत कढईही चढते. आक्का एक चकली घेते, सावकाश खाते आणि डबा स्वतःच्याच हाताने बंद करते. ते काम मात्र कोणतेही यंत्र तिच्यासाठी करू शकत नाही.