खोक्यावरचा वाघ कुठे गेला?

2016 साली चिली देशात एक वाघ दिसेनासा होऊ लागला. जंगलातला नव्हे, केलॉगच्या साखर चढवलेल्या कॉर्नफ्लेक्सच्या खोक्यावरचा, गळ्यात लाल रुमाल बांधलेला टोनी. चीटोसचा चित्ताही पाकिटावरून उतरला. पोटात खेळणं दडवलेली किंडरची अंडी तर दुकानांतूनच उठली. खोक्याच्या दर्शनी बाजूला आला एक काळा अष्टकोन. आत पांढरी अक्षरं: 'साखर जास्त'. खाली आरोग्य मंत्रालयाचं नाव.

अष्टकोनच का? रस्त्यावरची 'थांबा'ची पाटी आठवा. वाचता न येणारं पोरही तो आकार ओळखतं!

गिदो जिरार्दी हे डॉक्टर असलेले सिनेटर या काळ्या शिक्क्याच्या कायद्यासाठी वर्षानुवर्षं झगडले. 2012 मध्ये कायदा झाला, तरी खाद्य उद्योगाच्या विरोधामुळे अंमल सुरू व्हायला जून 2016 उजाडला. शिक्का बसलेला पदार्थ शाळेत विकायचा नाही, चौदा वर्षांखालच्या मुलांना भुलवणारी त्याची जाहिरात करायची नाही.

पण खरी गंमत आकड्यांत आहे. पहिल्या वर्षी 100 ग्रॅम पदार्थात 22.5 ग्रॅमपेक्षा जास्त साखर असेल तरच शिक्का बसे. तीन वर्षांत ती मर्यादा 10 ग्रॅमवर आणली. मिठातल्या सोडियमच्या शिक्क्याची मर्यादाही 800 मिलिग्रॅमवरून 400 वर. दर खेपेला चाळणीची भोकं बारीक! काळा डाग नको म्हणून कंपन्यांनी आपणहून कितीतरी पदार्थांतली साखर आणि मीठ उतरवलं. (काहींनी साखरेच्या जागी कृत्रिम गोडी ओतली, ती पळवाट राहिलीच.) पहिल्या दीड वर्षात गोड पेयांची खरेदी जवळपास चोवीस टक्क्यांनी घटली. पुढे पेरू, उरुग्वे, मेक्सिको आणि अर्जेंटिनानेही अष्टकोन उचलला.

आपल्याकडे 2022 च्या सरकारी मसुद्यात पाकिटावर अशा शिक्क्याऐवजी सुचवले होते तारे, अर्ध्यापासून पाचापर्यंत. मला ते पटत नाही. तारा एकच असला तरी शाबासकीच वाटते.

घरातला फरसाणाचा किंवा बिस्किटांचा पुडा उलटा करा. बारीक अक्षरांत 100 ग्रॅममागे सोडियम किती, साखर किती ते शोधा. 400 आणि 10 हे दोन आकडे तेवढे लक्षात ठेवा, आणि तुमचा पुडा चिलीत असता तर त्यावर साखरेचा किंवा सोडियमचा काळा शिक्का बसला असता का, ते स्वतःच ठरवा.