लेसरच्या आधी पोचणारा लेसर

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांचा एकच प्रश्न आला: एवढा जबरदस्त लेसर धातूच्या पत्र्यावर मारला तर तो आरपार जातो का? तर नाही, जात नाही. तो पृष्ठभागावरच अडतो.

आधी आकडे घेऊ. आपल्या मुंबईत, कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये १०० टेरावॅटच्या वर्गातला लेसर आहे, पल्स साधारण २५ फेमटोसेकंदांची. गुणाकार केला तर ऊर्जा निघते फक्त अडीच जूल. म्हणजे पाव किलो साखरेचा पुडा मीटरभर उचलायला लागते तेवढी! (मी दोनदा हिशेब तपासला.) पण २५ फेमटोसेकंदांत प्रकाश केसाच्या जाडीइतकाही सरकत नाही. एवढ्याशा वेळात, १० मायक्रॉनच्या ठिपक्यावर ही ऊर्जा ओतली की तीव्रता होते दर चौरस सेंटिमीटरला १ वर २० शून्यं इतके वॅट.

अणूंमधले इलेक्ट्रॉन लगेच सुटतात आणि प्लाझ्मा तयार होतो. आता प्लाझ्मातले इलेक्ट्रॉन जर पुरेसे दाट असतील, तर ते प्रकाशाच्या तालावर हलून त्याला परतवून लावतात. ८०० नॅनोमीटरच्या प्रकाशासाठी ही सीमा म्हणजे घन सेंटिमीटरला सुमारे १.७ गुणिले १०चा २१वा घात इतके इलेक्ट्रॉन. धातूच्या प्लाझ्मात याच्या शेकडो पट असतात. म्हणजे झाला आरसा. आत जातात ते इलेक्ट्रॉन: लेसरचं क्षेत्र त्यांना बाहेर खेचतं, परत आपटतं, आणि ते जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने धातूत घुसतात.

खरी डोकेदुखी पुढेच आहे. पल्स ताणायची, वाढवायची, मग परत दाबायची, ही स्ट्रिकलंड आणि मुरू यांची १९८५ची युक्ती (२०१८चं नोबेल). पण वाढवताना थोडा फालतू प्रकाश मुख्य पल्सच्या आधीच बाहेर पडतो. दहा लाख पट क्षीण, असं म्हणून आपण सोडून देऊ. पण २०मधली ६ शून्यं गेली तरी १४ उरतात की! तेवढ्यातही पृष्ठभाग उकळून प्लाझ्मा होतो. मुख्य पल्स येते तेव्हा तिला कडक धातू नाही, समोर पसरलेला विरळ ढग भेटतो. टार्गेट नॅनोमीटर जाडीची फॉइल असेल तर फॉइलच उरलेली नसते. महिनोन्‌महिने तयारी केलेला प्रयोग, आणि मोजलं भलतंच.

यावरचा उपाय मला फार आवडला. वाटेत काच ठेवायची, परावर्तन होऊ नये असा लेप दिलेली. आगाऊ आलेला क्षीण प्रकाश काचेतून पलीकडे निघून जातो. मुख्य पल्सचा चढता भाग आला की काचेचाच दाट प्लाझ्मा होतो, म्हणजे आरसा, आणि पल्स टार्गेटकडे वळते. आगाऊ प्रकाश साधारण शंभर पटीने कमी होतो. थोडी ऊर्जा वाया जाते, आणि काचेचा तो ठिपका जळतो, म्हणून प्रत्येक शॉटनंतर काच सरकवावी लागते.

ते सरकवणाऱ्या मोटरचा कोड कोण लिहितं, हे मला अजून विचारायचंय.