खलाशांसह यॉट भाड्याने घेताना

डीलरांना किंवा कुटुंबाला मालदीवला नेऊन खलाशांसह यॉट भाड्याने घ्यावी, असा विचार तारापूर-बोईसरच्या कुणा व्यापारी बंधूंच्या मनात असेल, तर बयाणा देण्याआधी हिशेब समजून घ्यावा.

सातपाटीच्या माणसाला तांडेल, डिझेल आणि बर्फ यांचा खर्च वेगळा सांगावा लागत नाही. यॉटचेही तसेच आहे. जाहिरातीतील भाडे पुष्कळदा फक्त नौका व खलाशी यांचे असते. डिझेल, जेवण, बंदराचे शुल्क यांसाठी भाड्याच्या सुमारे २५ ते ३५ टक्के रक्कम आगाऊ घेतात. कप्तान त्यातून खर्च करतो, पावत्या ठेवतो, उरलेले परत देतो. बक्षिसी निराळी. काही नौकांचा दर सर्व खर्चासकट असतो. दोन दरांची तुलना करताना गल्लत होते ती इथेच.

फिकहमध्ये या व्यवहारास इजारा म्हणतात. मोबदला व मुदत आधी ठरलेली हवी. म्हणून सहल रद्द झाल्यास बयाण्याचे काय, हे लेखी घ्यावे. मालदीव मुस्लिम देश खरा, पण पर्यटकांच्या नौकांवर दारू चालते. हलाल जेवण हवे, दारू नको, हेही करारात लिहून घेण्यात संकोच कसला?

सर्वांत आधी मात्र परवाना पाहावा. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईजवळ नौदलाच्या बोटीची धडक बसून ‘नीलकमल’ बुडाली, १५ जण दगावले. तिला परवानगी ८४ प्रवाशांची होती, आत माणसे शंभरावर. माणसे मोजावीत, जॅकेटेही मोजावीत.