यंदा केस मोकळे सोडणार!

गेल्या रमजानमध्ये माझ्या भाचीला ईदसाठी तिचे नागमोडी केस सरळ हवे होते. महिनाभर कुणालाही न सांगता ती खाण्याचा सोडा चोळत राहिली. चांदरातीला पाहतो तर केस सरळ झालेच नाहीत, उलट केरसुणीसारखे राठ झालेले. ईदला तिने डोक्यावरची ओढणी काढलीच नाही.

सोडा अल्कधर्मी. त्याने केसावरचे बारीक खवले उघडतात आणि केस कोरडे पडतात. नागमोडी केसांत मुळाचं तेल टोकापर्यंत आधीच कमी पोचतं. दुभंगलेला केस पुन्हा सांधत नाही. नवा येतो तो महिन्याला साधारण एक सेंटीमीटर.

म्हणून अम्मीने आधी टोकं कापायला लावली. मग न्हाण्याआधी खोबरेल, सौम्य शाम्पू, कंडिशनर, आणि ओल्या केसांत मोठ्या दातांचा कंगवा. टॉवेलने खसाखसा पुसणं बंद. "रोज्यात तेल चालतं?" भाचीने विचारलं. चालतं, केसांना तेल लावल्याने रोजा तुटत नाही.

वर्षभरात मुळाकडून नव्या लाटा आल्यात. परवा इफ्तारनंतर म्हणाली, "खाला, यंदा ईदला केस मोकळेच सोडणार."