स्वीकार कशाचा?

'स्वीकार' हा शब्द ऐकला की आपला कार्यकर्ता बिथरतो, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही. गावकुसाबाहेरच्या माणसाला शतकानुशतके हाच उपदेश झाला: मागच्या जन्मीचे भोग आहेत, निमूट भोगा. बीड जिल्ह्यातील आमच्या महाविद्यालयात 'स्वीकार आणि बांधिलकी' या मानसोपचार पद्धतीविषयी मी बोलू लागलो, तेव्हा एका सहकाऱ्याने लगेच विचारले, "म्हणजे पुन्हा कर्मसिद्धान्तच ना, सर?"

नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन हेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धती १९९९ च्या ग्रंथात सविस्तर मांडली. हा बोलून करायचा उपचार आहे. त्यात स्वीकारायची असते ती मनात उठलेली भीती, शरम, दुःख. ज्या परिस्थितीने ती उठवली ती परिस्थिती नव्हे. सगळा फरक इथे आहे.

ऊसतोड कामगाराचा मुलगा घ्या. आईबाप कोयता घेऊन कारखान्याच्या तळावर, हा वसतिगृहात. उत्तर येत असूनही तो वर्गात उठत नाही. मनात एकच वाक्य: आपली लायकी नाही. हे वाक्य त्याने रचलेले नाही, त्याच्या आज्यापणज्यांच्या कानात ते ओतले गेले आहे. शरम टाळायला तो तास बुडवतो. तासाभराची सुटका होते, पण जग तेवढे आक्रसते. पुढे खोली आणि अंथरूण एवढेच उरते. उपचार करणारा त्याच्याशी वाद घालत नाही. तो एवढेच म्हणायला लावतो: 'लायकी नाही, असा विचार माझ्या मनात आला आहे.' आपल्या भाषेत हे अंतर मुळातच आहे. राग येतो, भीती वाटते, रडू कोसळते. आलेली वस्तू म्हणजे आपण नव्हे. मग प्रश्न येतो, तुला मोलाचे काय वाटते? त्यासाठी आज एक पाऊल टाक, शरमेला सोबत घेऊन. हात थरथरत असला तरी वर कर. यालाच त्यांनी बांधिलकी म्हटले. आपल्या साहित्यचर्चेत हा शब्द काही नवा नाही.

२० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याकडे निघालेल्यांच्या पोटात भीती नव्हती, असे कोण म्हणेल? ती जाण्याची वाट पाहत ते थांबले नाहीत.

मनात काय उठते ते पाहण्याची ही रीत पाली वाङ्मयात 'सति' म्हणून येते. जॉन कबाट-झिन यांनी ती १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जुनाट वेदनांच्या रुग्णांसाठी वापरली. पुढे वारंवार उलटणाऱ्या नैराश्यासाठीही तिचा उपयोग झाला. सल्लसुत्तात दोन बाण आहेत: एक लागलेल्या वेदनेचा, दुसरा त्यावरच्या आक्रोशाचा. उपचार दुसऱ्या बाणापुरता. जातीचा पहिला बाण मारणारा हात समोर असतो, आणि तो पकडण्याचे काम चळवळीचेच. अत्याचाराने पिचलेल्या माणसाला नुसते डोळे मिटून बसायला सांगणारा उपचारक मला तरी संशयास्पद वाटतो.

याला मोठा दवाखानाच लागतो असेही नाही. युगांडातील दक्षिण सुदानी निर्वासित स्त्रियांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने याच विचारावर पाच बैठकींचा कार्यक्रम घेतला. वीस-तीस जणींचा गट, त्यांच्या जुबा अरबी भाषेतील ध्वनिफीत, आणि चालवणाऱ्या थोडे प्रशिक्षण घेतलेल्या साध्या स्त्रिया. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांचा मानसिक त्रास कमी झाला; तीन महिन्यांनंतर परिणाम बराच ओसरला, तरी काही प्रमाणात टिकून होता. मात्र जीव द्यायचे विचार येणाऱ्याला आधी डॉक्टरकडेच न्यावे. अंबाजोगाईला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि २०२२ पासून टेलिमानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे.

असे गट आपल्याकडे हंगाम संपून माणसे गावी परतली की वस्तीवरच्या समाजमंदिरात बसू शकतील. पण ती ध्वनिफीत पुस्तकी मराठीत केली, तर आमच्या बाया पहिल्याच वाक्याला उठून जातील.